लाइट वाढली होती

शनिवार, २२ एप्रिल २०२३

सकाळी ७:४०. उरले १३ तास ४० मिनिटं.

त्या दिवशी पावणेआठच्या सुमारास तृतीया लागत होती. तेवढ्यासाठी आम्ही तिघं, म्हणजे आई, माझा मुलगा आणि मी, न्यायमंदिरासमोर रिक्षातून उतरून थांबलो होतो. सामान आदल्या रात्रीच हातगाडीने गेलं होतं. नवरा दहेजला शिफ्टवर, रविवारी येणार. आईच्या हातात कलश, मुलाच्या हातात देवांची पेटी, माझ्या हातात दूध. अक्षय्य तृतीया आणि ईद एकाच दिवशी आली होती. मंगळ बाजारातली गर्दी म्हणे पहाटेपर्यंत हटली नव्हती, आणि आता रस्ता झाडून पुसल्यासारखा मोकळा. लहरीपुरा दरवाजाच्या कमानीखालून आत जाताना आईने हात जोडले. तिचं लग्न होऊन ती बडोद्यात आली तेव्हा पहिलं बिऱ्हाड याच शहरकोटात होतं. पन्नास वर्षांनी ती परत कोटाच्या आत राहायला येत होती.

घर पोळीत, म्हणजे जुन्या शहरातल्या गल्लीत, रस्त्यापासून चार दारं आत. खालचे दोन मजले जुने, सागवानी खांबांचे, वरचे दोन नंतर चढवलेले. तळाशी एका कापडवाल्याचं कुलूपबंद गोदाम, पहिल्या मजल्यावर मालक, दुसऱ्यावर एक नवं जोडपं आणि तिसऱ्यावर आम्ही. जिना एकच. पहिल्या मजल्यापर्यंत तो जुन्या घराचा लाकडी, पुढे सिमेंटचा. त्या लाकडी जिन्याखाली एक कपाट होतं, दार नसलेलं. त्यात मीटर.

मी दाराशी बटण दाबलं. दिवा लागला. आठवडाभरापूर्वी घर बघायला आले तेव्हाही एवढंच केलं होतं. पाणी किती वाजता येतं, टाकी किती लिटरची, डिपॉझिट किती, करार अकरा महिन्यांचाच का (वर्षाच्या पुढे केला तर रजिस्ट्रेशन लागतं, म्हणून सगळे अकराचाच करतात), सगळं खोदून खोदून विचारलं. वाळवी बघितली, खिडकीची कडी बघितली. आणि लाइट? मालक म्हणाले, "ताई, चोवीस तास. आपल्याकडे लाइट जाते का कधी?" खरंच जात नाही. गुजरातची ज्योतिग्राम योजना २००३ साली सुरू झाली, पुढे खेड्यापाड्यांतही चोवीस तास लाइट आली, आणि इथल्या माणसाच्या मनातून लाइटची काळजीच निघून गेली. आमच्या करारात लाइटबद्दल एक ओळ होती: बिल भाडेकरूने सबमीटरच्या आकड्याप्रमाणे भरायचं.

तेवढीच.

सकाळी ८:२०. उरले १३ तास.

देव मांडले. देवघर म्हणजे भिंतीतला कोनाडा, वर साधा पिवळा बल्ब, आधीच्या बिऱ्हाडाने लावून ठेवलेला. आईने निरांजन लावलं. खालून घरघर ऐकू आली. पाण्याची वेळ झाली होती, मालकांनी मोटर लावली होती. आणि देवांवरचा उजेड वाढला.

मी स्वतः पाहिलं. पिवळा बल्ब पांढुरका झाला. पितळेचा बाळकृष्ण एकदम चकाकला. आईने माझ्याकडे बघितलं आणि तिचे डोळे भरून आले. नव्या घरात पहिल्याच दिवशी, अक्षय्य तृतीयेला, देवापुढचा उजेड आपोआप वाढला. तिला जे वाटलं ते कुठल्याही आईला वाटलं असतं.

वीस मिनिटांनी मोटर बंद झाली आणि बल्ब पुन्हा पिवळा झाला.

सकाळी १०:३०. उरले १० तास ५० मिनिटं.

माझा मुलगा तेव्हा नुकताच नववीची परीक्षा देऊन मोकळा झाला होता, आणि त्याला कुठल्याही गोष्टीकडे टक लावून बघत बसायची सवय आहे. मी आमरसासाठी मिक्सर लावला तसा तो देवघरापाशी जाऊन उभा राहिला.

"आई, आपला मिक्सर लावला की हा मंद होतो. खालची मोटर लागली की उजळ होतो."

"मग?"

"असं व्हायला नको ना? आपला लोड वाढला तर मंद होईल हे ठीक. पण दुसऱ्याचा लोड वाढल्यावर आपल्याकडे जास्त कशी येईल?"

मी आंब्याच्या कोयी पिळत होते. म्हणाले, "लाइट जास्त येतेय, चांगलंच आहे. कमी आली असती तर पंखा फिरला नसता."

हे माझं वाक्य मी जसंच्या तसं लिहिते आहे. त्या दिवसाचा निकाल या वाक्यात लागला होता. पोराने दुखणं बरोबर सांगितलं होतं, लक्षणासकट, कारणाच्या अगदी जवळ जाऊन. घरात एवढा एकच माणूस त्या बल्बकडे आनंदाने किंवा सवयीने न बघता नुसतं बघत होता, आणि मी त्याला कोयी चाटायला बसवलं.

सकाळी ११:१५. उरले १० तास ५ मिनिटं.

वायरमन आला. त्याला मी बोलावलं होतं ते फ्रिजसाठी. फ्रिजच्या दाराला ओला हात लागला की झिणझिण्या येत होत्या. त्याने टेस्टर काढला, प्लगच्या भोकात घातला, टेस्टरमधला लाल दिवा लागला. मग प्लगपॉइंटचा पत्रा उघडला. तीन भोकांच्या पॉइंटात दोनच वायरी होत्या. वरचं मोठं भोक, अर्थिंगचं, रिकामं. मागे फक्त जळमट.

"ताई, घरात अर्थिंगच नाही. कुठल्याच पॉइंटला नाही."

"मग आता?"

"खालून ओढून आणावं लागेल. मालकांना विचारा."

मी त्याच्याबरोबर खाली गेले. जिन्याखालच्या कपाटात मी पहिल्यांदाच वाकून पाहिलं. मुख्य मीटर एक, तीन फेजचं, अख्ख्या घराला मिळून. त्याच्या पुढे लाकडी फळी, आणि फळीवर चिनीमातीचे चार फ्यूज, ज्यांना सगळे किटकॅट म्हणतात. तीन फ्यूज तीन फेजचे: एक मालकांचा, एक दुसऱ्या मजल्याचा, एक आमचा आणि गोदामाचा. चौथा त्यांच्या उजवीकडे, जरा लांब. त्याच्या कडा तपकिरी झाल्या होत्या, बशीला चहाचा जुना डाग पडतो तशा. फळीवरही त्याच्यामागे एक काळसर गोल उमटला होता. मी बोट लावलं. कोमट होता.

"हा कसला?"

"न्यूट्रल." त्याने मान हलवली. "इथे फ्यूज नसतो ठेवायचा. जुनं काम आहे. हे सगळं काढून नवीन बोर्ड बसवायला हवा, पण त्याला मेन बंद करावं लागेल. आज सण आहे, कोण करू देणार?"

त्याने पॉइंटातल्या दोन वायरींची अदलाबदल करून बघितली, झिणझिण्या कमी झाल्या, आणि तो दीडशे रुपये घेऊन गेला. चांगला माणूस. त्याने मला सगळं सांगितलं होतं. फक्त त्याला जे माहीत होतं ते आणि माझ्या मुलाला जे दिसलं होतं ते एकमेकांना भेटलं नाही. त्याच्या टेस्टरला फेज कळते. न्यूट्रल ढिला आहे की घट्ट, हे टेस्टर सांगत नाही. ते तो बल्ब सांगत होता, आणि वायरमनला मी देवघरापाशी नेलंच नव्हतं.

दुपारी १:४५. उरले ७ तास ३५ मिनिटं.

दुसऱ्या मजल्यावरची मुलगी आमरसाची वाटी न्यायला वर आली. नवीन लग्न झालेलं, मूळची नवसारीची, मोकळ्या स्वभावाची. आमच्या पंख्याखाली उभी राहून म्हणाली, "ताई, तुमचा पंखा केवढा जोरात फिरतो! आमचा सकाळपासून मेला नुसता घिरट्या घालतोय. एसी पण थंड करत नाही."

"कंडेन्सर गेला असेल," मी म्हणाले. पंख्याचं असं काही झालं की सगळे हेच म्हणतात.

एकाच जिन्यावर दोन घरं. एका घरात पंखा हळू, दुसऱ्यात जोरात. दोन्ही पंखे एकाच क्षणी बघणारं कुणी असतं तर कळलं असतं की ही दोन दुखणी नाहीत. तिला कमी मिळत होती म्हणून मला जास्त मिळत होती. ती वाटी घेऊन खाली गेली.

दुपारी ४:३०. उरले ४ तास ५० मिनिटं.

वायफायचा डबा बंद पडला. उचलला तर खालून चटका बसला. मुलगा म्हणाला, "जळला." आई म्हणाली, "सामान हलवताना आपटला असेल." जुना होताच.

संध्याकाळी ६:१०. उरले ३ तास १० मिनिटं.

मालक जिन्यात भेटले. मी फ्यूजच्या काळ्या डागाचं बोलले, अर्थिंगचं बोलले. ते वाईट माणूस नाहीत, हे मला सांगायचं आहे. ते स्वतः त्याच फळीच्या बरोबर वर राहत होते, नातवंडांसह. म्हणाले, "ताई, माझ्या वडिलांनी बसवलेला बोर्ड. चाळीस वर्षांत एकदा लाइट गेली नाही. सोमवारी बोलावतो माणसाला."

चाळीस वर्षांपूर्वी त्या फळीवर एक कुटुंब, चार बल्ब, दोन पंखे आणि एक रेडिओ एवढाच भार असणार. आता तिथून तीन बिऱ्हाडं, तीन एसी, तीन फ्रिज, दोन गीझर, एक मोटर आणि एक गोदाम चाललं होतं. मजले चढत गेले, वायरी वाढत गेल्या, तळातली फळी तीच राहिली. शहरकोटात अशी घरं किती असतील ते बाहेरून कळत नाही. दर्शनी भिंतीला नवा रंग असतो.

वर जाताना मी स्वतःला विचारलं, वीज कंपनीला कळवावं का? आणि काय कळवणार, याचं उत्तर सापडेना. लाइट गेली तर तक्रार असते. कमी आली तरी असते. आमच्या घरात लाइट छान होती. शिवाय मीटरपर्यंतची वायर कंपनीची, मीटरच्या पुढची मालकाची, घरातली भाडेकरूची, अशी समजूत. तो काळा डाग मीटरच्या पुढे होता आणि माझ्या दाराच्या अलीकडे.

पुढच्या वर्षी, २०२४ च्या मे महिन्यात, बडोद्यात स्मार्ट मीटरवरून मोर्चे निघाले. प्रीपेड बॅलन्स भराभर संपतो म्हणून माणसं रस्त्यावर आली, कंपनीला शंकानिरसनासाठी चेक मीटर बसवायची तयारी दाखवावी लागली. त्यांच्या रागाबद्दल मला काही म्हणायचं नाही, पैसा कष्टाचा असतो. पण त्या दिवसांत मी प्रत्येक ओळखीच्या माणसाला विचारत होते की मीटरच्या आकड्याकडे बघताना बाजूच्या फ्यूजकडे बघितलंस का.

संध्याकाळी ७:३०. उरला १ तास ५० मिनिटं.

सगळी घरं भरली. मालकांकडे लेक-जावई आले, हॉलचा एसी लागला, मग आतल्या खोलीचा. दुसऱ्या मजल्यावर जोडप्याने एसी एकदम कमी तापमानावर टाकला, कारण तो थंडच करत नव्हता. आमच्याकडे दोन एलईडी, एक पंखा, फ्रिज आणि देवघरातला बल्ब. आमचा एसी अजून खोक्यातच होता. म्हणजे तीन फेजपैकी दोन ओझ्याने वाकलेल्या आणि तिसरी, आमची, जवळजवळ रिकामी.

जिन्यात वास येत होता. मासळीसारखा. मी खाली कचरा टाकायला गेले तेव्हा पहिल्या वळणावर तो नाकात भरला. वाटलं, ईद आहे, आसपास कुणाकडे काही शिजत असेल. मालकीणबाईंनाही तसंच वाटलं. त्यांनी दार ओढून घेतलं.

हे लिहिताना अजून हात थांबतो. प्लास्टिक आणि बॅकेलाइट तापून जळायला लागलं की असाच वास येतो, मासळीसारखा. ज्यांना माहीत असतं ते हा वास आला की पहिल्यांदा मेन बंद करतात. आम्ही दोघींनी तो कुणाच्या तरी सणाच्या माथी मारला आणि दारं लावली. ज्या दाराआड आम्ही तो वास थांबवला, त्या दाराच्या खालीच तो तयार होत होता.

रात्री ८:४०. उरली ४० मिनिटं.

देवघरातला बल्ब धडधडू लागला. मंद, लख्ख, मंद, लख्ख. मुलाने फोनवर त्याचं शूटिंग केलं. अकरा सेकंदांचं. ते अजून माझ्याजवळ आहे. त्यात मागे आईचा आवाज येतो: "बंद कर रे तो, डोळ्यांना त्रास होतो." त्याने बंद केला. आमच्या घरातला एकमेव खरं सांगणारा दिवा आम्ही बंद करून ठेवला.

रात्री ९:२०

जेवणं झाली होती. आई पलंगावर, मी ओट्यापाशी, मुलगा फोन चार्जिंगला लावून जमिनीवर.

आधी पंखा. त्याचा आवाज चढला. रेग्युलेटर तीनवर होता, पण वारा पाचवर असल्यासारखा आला. पात्यांची मिळून एक चकती झाली आणि वरचा हूक करकरू लागला. मग दोन्ही एलईडी निळसर पांढरे झाले, इतके की भिंतीवर माझी सावली काळी कुळकुळीत पडली. पहिला दिवा फटाक्यासारखा फुटला. दुसरा दोन श्वासांनंतर. अंधार नाही झाला, कारण फ्रिजच्या मागे ठिणग्या उडत होत्या. चार्जर जमिनीवर तडतडला आणि मुलाने फोन फेकून दिला. फ्रिजचा स्टॅबिलायझर फुसफुसला, त्यातून धूर आला, आणि कंप्रेसर असा घुमला की तसा आवाज मी त्याआधी कधी ऐकला नव्हता.

मुलगा ओरडला, "मेन! आई, मेन!"

मी दाराशी धावले आणि एमसीबी खाली ओढला. एवढ्यात किती वेळ गेला? मुलगा म्हणतो अर्धा मिनिट. एमसीबी आपण होऊन पडला नव्हता. नवा होता, चांगल्या कंपनीचा होता, आणि जसाच्या तसा वर उभा होता.

खालच्या मजल्यावर उलटं झालं. त्यांचे दिवे मंद होऊन राहिले, एसी थरथरला आणि बंद पडला. मालकांकडेही तेच. सगळ्यांना वाटलं लाइट गेली. फक्त आमच्या मजल्यावर ती आली होती, सगळ्यांच्या वाटणीची.

रात्री ९:२३

दार उघडलं तर जिन्यातून धूर वर येत होता. जिन्याखालची फळी पेटली होती. चौथा फ्यूज वितळून सुटला होता, त्याच्या ज्वाळेने चाळीस वर्षांचं वाळलेलं लाकूड धरलं होतं, वर सागवानी पायऱ्या आणि बाजूला कापडाचं गोदाम.

गुजरातेत राहणाऱ्या आईबापाला जिन्यातला धूर दिसला की एकच नाव आठवतं. सुरतच्या सरथाणाची तक्षशिला. २४ मे २०१९. वरच्या मजल्यावर क्लासला बसलेली मुलं, पेटलेला जिना, खिडकीतून घेतलेल्या उड्या, बावीस जीव. माझा मुलगा तेव्हा पाचवीत होता. टीव्हीवर ते बघून त्याने मला विचारलं होतं की आपण असतो तर काय केलं असतं.

आता तोच म्हणाला, "वर. आजीला वर घेऊन चल."

पोळीतल्या घरांच्या गच्च्या, इथल्या बोलीत अगाश्या, एकमेकींना चिकटलेल्या असतात. उत्तरायणाला पोरं पतंगामागे या अगाशीवरून त्या अगाशीवर धावतात ती याच वाटेने. आईचे गुडघे गेलेले आहेत. मी पुढून, तो मागून, असं करत आम्ही तिला गच्चीवर नेलं. मधली भिंत माझ्या कमरेएवढी. पलीकडे शेजारचे काका आणि काकू आधीच येऊन उभे होते, हातात प्लास्टिकचं स्टूल. एक शब्द न बोलता त्यांनी आईच्या काखेत हात घातले. मालकांची नातवंडं, लेक, दुसऱ्या मजल्यावरची मुलगी, सगळी त्याच भिंतीवरून आली. आईने कलशातला नारळ पदरात बांधून आणला होता. कधी बांधला, मला माहीत नाही.

खालून आवाज आला, "पाणी ना नाखता! कोई पाणी ना नाखता!" कुणीतरी बादली घेऊन धावला होता आणि त्याला दुसऱ्याने कमरेला धरून मागे ओढलं होतं. फळीवर अजून तीन फेज जिवंत होत्या. समोर बांधकामाची वाळू पडली होती, ती घमेल्यांनी टाकायला सुरुवात झाली. ईदच्या नव्या कपड्यांतली चार पोरं त्या वाळूच्या रांगेत सगळ्यात पुढे होती.

९:४१ ला लाइनमन आला आणि पोळीच्या तोंडाशी असलेल्या पेटीतून आमच्या घराची लाइन तोडली. दांडिया बाजारच्या फायर स्टेशनची गाडी दरवाजापर्यंतच येऊ शकली, पण जवान सिलिंडर खांद्यावर टाकून पळत आत आले. पावणेदहाला आग विझली. पहिल्या सात पायऱ्या गेल्या. गोदामाच्या दाराचा रंग उकलला, दार टिकलं. माणूस एकही दगावला नाही.

रात्री ११:१५

ज्यांच्या घरी आम्ही रात्र काढली ते काका गुजराती, पण जुन्या बडोदेकरांसारखं अस्खलित मराठी बोलणारे. पोळीत सगळे त्यांना 'जीईबीचे काका' म्हणतात. गुजरात इलेक्ट्रिसिटी बोर्ड १ एप्रिल २००५ ला मोडून त्याच्या सात कंपन्या झाल्या, बडोद्याचा कारभार मध्य गुजरात वीज कंपनीकडे गेला, त्यालाही अठरा वर्षं झाली होती. तरी इथे अजून बिल आलं की जीईबीचं बिल आलं म्हणतात, आणि काकाही जीईबीचेच राहिले.

मुलाने त्यांना ते अकरा सेकंदांचं शूटिंग दाखवलं. त्यांनी दोनदा बघितलं. मग सकाळच्या मोटरची गोष्ट ऐकली, मिक्सरची ऐकली, खालच्या हळू पंख्याची ऐकली. एका लग्नपत्रिकेचं पाकीट उलटं करून त्यांनी तीन रेघा काढल्या आणि खाली एक.

"या तीन फेज. प्रत्येक घर एका फेजला आणि या खालच्या न्यूट्रलला जोडलेलं. फेज आणि न्यूट्रलमध्ये २३० व्होल्ट. सहा टक्के इकडे-तिकडे चालतं. पण दोन फेजच्या मध्ये किती? चारशे. आता हा न्यूट्रल तोडला." त्यांनी खालच्या रेघेवर फुली मारली. "वीज परत कुठून जाणार? एका घरातून निघून दुसऱ्या घरातून. दोन घरं एका माळेत आली. आता ते चारशे व्होल्ट दोघांनी वाटून घ्यायचे."

"अर्धे अर्धे?" मी विचारलं.

मुलगाच म्हणाला, "नाही. ज्याचा रोध जास्त त्याला जास्त."

"शाबास. म्हणजे ज्याच्याकडे सामान कमी चालू, त्याला जास्त. समज, एका घरात दीड हजार वॉटचा गीझर आणि दुसऱ्यात दीडशे वॉटचे दिवे-पंखे. भार दहास एक. तर गीझरवाल्याला मिळणार छत्तीस व्होल्ट आणि दिव्यांना तीनशे चौसष्ट. घरात कमीत कमी वापरणारा माणूस पहिला जळतो."

मी एमसीबीचं विचारलं. ते म्हणाले, एमसीबी करंट मोजतो, ईएलसीबी गळती मोजतो. व्होल्ट किती आले हे त्या दोघांचं कामच नाही. त्यासाठी वेगळं उपकरण येतं, तीनशेच्या आतच लाइन तोडणारं, आणि ते फार महागही नसतं. न्यूट्रलमध्ये एकटा फ्यूज घालायचा नाही, हे तर १९५६ च्या नियमांतच लिहून ठेवलं आहे. फेजचा फ्यूज उडाला तर घर अंधारात जातं. न्यूट्रलचा उडाला तर घर पेटतं. आणि तो एका झटक्यात जात नाही. ढिला होतो, तापतो, तापून प्रसरण पावतो, त्याने आणखी ढिला होतो. दिवसभर, कधी महिनाभर. त्या काळात कुठल्यातरी घरात दिवे मंद आणि कुठल्यातरी घरात लख्ख होत राहतात.

"मंद होतात ते ओरडतात," काका म्हणाले. "तीस वर्षं तक्रारी घेतल्या मी. लाइट कमी आहे म्हणून हजारदा फोन आले असतील. लाइट जास्त आहे, या म्हणून कुणी बोलावलं नाही." मग पाकीट मुलाकडे सरकवत गुजरातीत म्हणाले, "लाइट वधे ए पण फॉल्ट ज कहेवाय." लाइट वाढली तर तोही फॉल्टच.

मुलाने ते पाकीट घडी घालून खिशात ठेवलं. माझ्याकडे बघितलं नाही. बघितलं असतं तर मला बरं वाटलं असतं. मी त्याला म्हणाले, "सकाळी तू बरोबर सांगत होतास." तो म्हणाला, "मलापण खात्री नव्हती."

रविवार, सकाळी ८:१५

काकूंनी आईला आंघोळीला गरम पाणी दिलं, आणि आईने कलशातला नारळ त्यांच्या देवांपुढे ठेवला. त्यांच्या देवघरावरही तसाच एक छोटा पिवळा बल्ब होता. मी आणि मुलगा चहा घेत तिथेच खाली बसलो होतो.

पाण्याची वेळ झाली. खाली काकांनी मोटर लावली. घरघर सुरू झाली तशी आम्ही दोघांनी एकदमच वर पाहिलं.

बल्ब होता तसाच राहिला. पिवळा.

मुलगा मोटर बंद होईपर्यंत बघत राहिला, आणि त्याचा चहा गार झाला तरी मी त्याला काही म्हणाले नाही.